मिकी स्पिलेन : स्वतःच्याच हेराचं काम करणारा रहस्यकथाकार

जुनंपान (कोल्हापूर)

मंगळवार पेठेत माझ्या वडिलांचं भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान होतं. फळ्यांचं दार, आत तीन मांडण्या आणि गल्ल्यापाशी सुतळीनं बांधलेली वही, एवढंच. सगळ्यांत जास्त फिरायचे ते बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड. इंग्रजीची मांडणी एकच, तीही खालची. राजाराम कॉलेजची पोरं आणि दोन-तीन वकील तेवढे तिच्याकडं वाकायचे. त्या मांडणीतलं सगळ्यांत फाटकं पुस्तक मिकी स्पिलेनचं होतं. कणा उसवलेला, वडिलांनी खाकी कागद आणि घरच्या खळीनं तीनदा बांधलेला. मागच्या बाजूला लेखकाचा फोटो. बारीक कापलेले केस, हॅट मागं सारलेली आणि मान अशी, की गंगावेस तालमीच्या कट्ट्यावर हा माणूस बसला असता तर 'कुठले पाव्हणं' असं कुणी विचारलं नसतं.

गेल्या महिन्यात 'द गर्ल हंटर्स' हा १९६३ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो फोटो डोळ्यांपुढं आला. त्यात माइक हॅमर या खासगी हेराचं काम खुद्द स्पिलेननंच केलंय. आपल्या गोष्टीवरच्या चित्रपटात लेखकानं येता-जाता तोंड दाखवणं वेगळं. इथं पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत हाच आहे. मार हाच खातो, मारतोही हाच, आणि पटकथेच्या श्रेयनामावलीतही याचं नाव आहे.

आधी त्याच्या लिखाणाचं थोडं सांगतो, नाहीतर पडद्यावरचं कळणार नाही. फ्रँक मॉरिसन स्पिलेन, जन्म ९ मार्च १९१८, ब्रुकलिन. वाढला शेजारच्या न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात. वडील बारमध्ये कामाला. गिंबेल्स या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात तो विक्रेता होता, तिथल्या ओळखीतून कॉमिक्स लिहायला लागला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सैन्यात नाव नोंदवलं आणि युद्धाचा काळ नव्या वैमानिकांना शिकवण्यात गेला. परत आल्यावर न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्गजवळ जमीन घ्यायची होती, त्यासाठी हजार डॉलर हवे होते. माइक डेंजर नावाचा एक कॉमिक्सचा नायक त्यानं बेतून ठेवला होता. त्याचं नाव बदलून माइक हॅमर केलं आणि तीन आठवड्यांच्या आत कादंबरी हातावेगळी केली. ती 'आय, द ज्युरी', साल १९४७. जाड पुठ्ठ्याची आवृत्ती बेताचीच खपली. पुढच्या वर्षी पंचवीस सेंटांची खिशात मावणारी आवृत्ती निघाली आणि मग मात्र तिला कुणी थांबवू शकलं नाही. १९५२ पर्यंत सात कादंबऱ्या, त्यांतल्या सहा हॅमरच्या. त्याच्या पुस्तकांचा जगभरचा खप वीस कोटींच्या पुढं गेला.

युद्धातून परतलेल्या माणसांचा राग त्या पुस्तकांत आहे. पहिल्याच कादंबरीत हॅमरच्या जिवलग मित्राचा खून होतो. या मित्रानं युद्धात हॅमरला वाचवताना हात गमावलेला असतो. त्याच्या प्रेतापुढं हॅमर शपथ घेतो की कोर्टाची वाट बघणार नाही, न्याय मीच करीन. १९४७ मध्ये हे वाचणाऱ्यांत असा मित्र गमावलेले किती असतील, विचार करा.

स्पिलेन आपल्या वाचकांना वाचक म्हणत नसे, गिऱ्हाईक म्हणायचा. समीक्षकांना हा शब्द फार लागला. मला नाही लागत, कारण माझे वडीलही गिऱ्हाईकच म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणजे ज्यानं पैसे मोजलेत आणि ज्याला माल चोख द्यायचा आपल्यावर बोजा आहे असा माणूस. पहिलं प्रकरण हे पुस्तक विकतं आणि शेवटचं प्रकरण पुढचं पुस्तक विकतं, हे स्पिलेनचं सूत्र होतं. रात्री अकराला दार वाजवून 'पुढचा भाग आहे का?' विचारणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळं हे सूत्र मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आता पडदा. इतरांनी काढलेले हॅमरचे चित्रपट त्याला पसंत नव्हते. १९५३ मध्ये 'आय, द ज्युरी' आला, १९५५ मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिचचा 'किस मी डेडली'. कादंबरीत सगळी धावाधाव अमली पदार्थांच्या मालासाठी आहे, ऑल्ड्रिचनं तिथं अणुशक्तीचा जळता पदार्थ असलेली पेटी आणली आणि हॅमरला स्वार्थी, निर्दय करून टाकलं. चित्रपट म्हणून तो थोर आहे, पण तो स्पिलेनचा हॅमर नाही.

स्वतः स्पिलेन पडद्यावर आला तो १९५४ च्या 'रिंग ऑफ फिअर'मध्ये. निर्मिती जॉन वेन या नटाच्या कंपनीची. क्लाइड बीटी या खऱ्याखुऱ्या वाघ-सिंहवाल्याच्या सर्कशीत घातपात होत असतात आणि छडा लावायला प्रसिद्ध लेखक मिकी स्पिलेनला बोलावलं जातं, असं कथानक. म्हणजे तो स्वतःच्याच नावानं उभा आहे. सर्कस म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला म्हैसाळचे देवल आठवतात, मलाही आठवले, आणि तंबूतली दृश्यं मी दोनदा पाहिली. पटकथा जमेना तेव्हा स्पिलेननंच ती पुन्हा लिहून दिली, त्याबद्दल वेननं त्याला पांढरी जॅग्वार मोटार भेट पाठवली.

आणि मग 'द गर्ल हंटर्स'. हॅमरची सेक्रेटरी वेल्डा मेली असं समजून तो सात वर्षं दारूत बुडालेला आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा गटाराकडेला पडलाय. इकडं लेखकानंही १९५२ नंतर दहा वर्षं हॅमरला हात लावला नव्हता. नायक आणि लेखक एकदमच उठून उभे राहतात. स्पिलेन तेव्हा पंचेचाळिशीत आलेला. चेहरा थोडा सुजलेला, डोळ्यांखाली जड. संवाद तो एका सुरात म्हणतो, हे कबूल. पण गोठ्यातली शेवटची मारामारी बघा. दोघं दमलेत, श्वास लागलाय, आणि हा समोरच्याचा हात खिळ्यानं जमिनीला ठोकतो. शिकलेला नट तिथं चेहऱ्यावर काहीतरी आणेल. हा काहीच आणत नाही, काम उरकावं तसं ठोकतो. पुस्तकातलं वाक्य असंच असतं.

माझं म्हणणं असं, की हॅमरचं काम त्याच्याइतकं कुणालाच जमलं नाही. पुस्तकांत हॅमरच्या चेहऱ्याचं वर्णन जवळजवळ नाहीच, फक्त त्याचा आवाज आहे. आणि तो आवाज ज्याचा, त्याच्याच अंगाला तो बसणार.

तुम्हाला काय वाटतं? सविस्तर लिहा.

पंचगंगाघाट

दादा, सकाळी सकाळी जुन्या पेठेत नेऊन सोडलंत. आमच्या गल्लीत अर्नाळकरांचं एक पुस्तक सात घरं फिरायचं. मधल्या घरात कुणी शेवटची चार पानं फाडून ठेवलीवती, पुढच्या सगळ्यांना शेवट तोंडीच सांगायला लागायचा. स्पिलेन मी वाचलेला नाही. पुढं लिहा, वाचतोय.

मीरा_राजारामपुरी

लेख आवडला, पण एक गोष्ट सुटली आहे आणि ती मोठी आहे. मी कॉलेजात असताना 'आय, द ज्युरी' वाचली. शेवटी हॅमर ज्या स्त्रीवर जीव लावतो तिलाच पोटात गोळी घालतो आणि लेखक त्याला शाबासकी देतो. खून तिनं केलेत हे मान्य. तरी त्या प्रसंगाची मांडणी, तिचं एकेक वस्त्र उतरवणं आणि याचं मनातल्या मनात खटला चालवणं, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा स्पिलेनच्या वाटेला गेले नाही. गिऱ्हाइकाला चोख माल द्यायचा हे ठीक, पण गिऱ्हाइकात आम्ही बायकाही होतो. आमचा विचार या मापात कुठं होता? आणि कोर्टाची वाट न बघणाऱ्या नायकाचं आकर्षण आजच्या दिवसांत तर मला धोक्याचं वाटतं.

जुनंपान

मीराताई, तुमचं म्हणणं बाजूला सारता येणार नाही. तो प्रसंग मीही तिशीनंतर पुन्हा वाचला तेव्हा अंगावर आला. विशीत आला नव्हता, आणि हे मला माझ्याविषयीच काहीतरी सांगून गेलं.

स्पिलेनच्या बाजूनं एवढंच म्हणेन, की त्याच्या आयुष्यात या गोष्टीनं काहीतरी हललं असावं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तो यहोवाज विटनेस या पंथात गेला, घरोघर फिरून धर्माचा प्रचार करायचा, आणि त्याच सुमाराला कादंबऱ्या थांबल्या. परत आला तेव्हाच्या हॅमरमध्ये थकवा आहे, पश्चात्ताप आहे. 'द गर्ल हंटर्स'चा हॅमर सात वर्षं स्वतःलाच शिक्षा देत असतो, कारण वेल्डाला त्या कामावर त्यानंच पाठवलेलं असतं. पण बायकांच्या बाबतीत त्याचं लिखाण पूर्ण सुधारलं असं मी म्हणणार नाही. तिथं तुमचा निवाडा मला मान्य आहे.

कायद्याच्या मुद्द्यावर मात्र माझं मत थोडं वेगळं. पुस्तकातला राग वाचून माणूस तसाच वागतो असं मला दुकानात कधी दिसलं नाही. आमच्याकडून स्पिलेन नेणारे वकील दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट घालून कोर्टातच जायचे.

खडूचीखूण

मी वाचक कमी, पडद्यामागचा माणूस जास्त. १९८० च्या आसपास जयप्रभा स्टुडिओत गर्दीतली कामं केली आहेत, कधी सैनिक, कधी पाटलाचा गडी. त्यामुळं जुनंपान यांनी सांगितल्यावर काल रात्री 'द गर्ल हंटर्स' शोधून पाहिला, आणि फक्त स्पिलेनचे पाय बघितले.

हसू नका, सांगतो का ते. कॅमेऱ्यापुढं नवख्या माणसाची सगळ्यांत मोठी अडचण बोलण्याची नसते, चालण्याची असते. जमिनीवर खडूनं फुली मारलेली असते. तिच्याकडं न बघता चालत यायचं आणि बरोबर तिच्यावर थांबायचं, नाहीतर तुम्ही फोकसबाहेर जाता आणि उजेडही सुटतो. नवखा माणूस एकतर खाली बघतो, नाहीतर शेवटच्या दोन पावलांत लहान-लहान टाकतो. मला ते सुटायला वर्ष लागलं. दिग्दर्शक ओरडायचे, 'अरे, जमीन पळून जात नाही, वर बघ!' स्पिलेन खोलीत येतो, टेबलाला वळसा घालतो, सिगारेट काढतो, थांबतो, आणि पाऊल एकदाही अडखळत नाही. हात कुठं ठेवायचे हेही त्याला कळतं, ते तर भल्याभल्यांना कळत नाही. संवादात तो कच्चा आहे यात वाद नाही. शर्ली ईटनबरोबरच्या दृश्यांत ती त्याला सांभाळून घेते, तिचं बोलणं संपायच्या आधीच तो उत्तराच्या तयारीत असतो, ऐकत नसतो. पण शरीरानं तो शंभर टक्के हॅमर आहे.

वाचनखूण

वा! हा प्रतिसाद वाचून डोळे वेगळ्या ठिकाणी गेले.

लेखक पडद्यावर येण्यावरून एक जोड देते. रेमंड चँडलर हा स्पिलेनच्या आधीचा आणि समीक्षकांचा लाडका रहस्यकथाकार. दिग्दर्शक बिली वायल्डरबरोबर त्यानं 'डबल इन्डेम्निटी'ची पटकथा लिहिली, चित्रपट १९४४ चा. दोघांचं अजिबात पटत नव्हतं. त्या चित्रपटात विमा कंपनीच्या ऑफिसबाहेर खुर्चीवर एक माणूस पुस्तक वाचत बसलेला काही क्षण दिसतो, नायक समोरून जातो तेव्हा मान वर करून बघतो. तो चँडलर आहे हे जगाच्या लक्षात आलं २००९ मध्ये, पासष्ट वर्षांनी! एक लेखक पडद्यावर असूनही कुणाला दिसला नाही आणि दुसरा गटारात लोळत सबंध चित्रपट स्वतःच्या अंगावर घेतो. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की हाच फरक वाक्यावाक्यात दिसतो. चँडलर बाजूला बसून बघतो, स्पिलेन आत उडी घेतो.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर लेखकानं तोंडाला रंग लावणं कोल्हापूरला नवीन नाही. गदिमा सिनेमात आले ते इथंच, मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये, आणि १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी छोटं काम केलं. पुढं पुलंनी १९५३ मध्ये 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायक असं सगळंच केलं. फक्त रहस्यकथा लिहिणाऱ्यांना आपल्याकडं तो मान मिळाला नाही. अर्नाळकरांच्या हजाराच्या वर कथा, आणि त्यांचा झुंजार कसा चालत असेल हे आपण फक्त मनातच बघितलं.

पंचगंगाघाट

हे शेवटचं एकदम पटलं. सुहास शिरवळकरांचंच बघा. दारा बुलंद आणि फिरोज इराणीवर आम्ही वाढलो, पण पडद्यावर मोठ्या थाटात आली ती 'दुनियादारी', २०१३ मध्ये, तेही ते गेल्यावर दहा वर्षांनी. गर्दी बघायला त्यांनी हवं होतं.

उत्तरेश्वरचा

ऑल्ड्रिचच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून लिहितोय. 'किस मी डेडली' हा हॅमरवरचा सर्वांत चांगला चित्रपट आहे, आणि तो चांगला झाला कारण दिग्दर्शकानं लेखकाचं ऐकलं नाही. अमेरिकेनं १९९९ मध्ये जतन करायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत तो घेतला. राल्फ मीकरचा हॅमर दात विचकून हसत दुसऱ्याची बोटं ड्रॉवरमध्ये चिरडतो तेव्हा पहिल्यांदा कळतं की हा माणूस शेजारी राहायला आला तर आपण घर बदलू. मीराताईंनी जो आक्षेप घेतला तोच ऑल्ड्रिचनं १९५५ मध्ये कॅमेऱ्यानं घेतला आहे. लेखकाला आपलं पोर प्यारं असणारच. पण त्याला आरसा दाखवायला बाहेरचाच माणूस लागतो, म्हणून स्पिलेनचा हॅमर मला अपुरा वाटतो.

जुनंपान

उत्तरेश्वरचा, चित्रपट थोर आहे हे मी वर लिहिलंच आहे. पण आरसा दाखवणं आणि माणूस उभा करणं ही दोन कामं आहेत. मीकरच्या हॅमरला मित्र गेल्याचं दुःख होईल असं मला वाटत नाही. स्पिलेनच्या हॅमरला होईल. ते दुःख काढलंत तर राग नुसता उरतो, आणि मग तो कुणाचाच राहत नाही.

खडूचीखूण यांनी लिहिलं की तो समोरच्याचं ऐकत नाही. बरोबर पकडलंत. म्हणूनच 'कोलंबो' या टीव्हीवरच्या अमेरिकन हेरमालिकेतलं त्याचं काम मला वेगळं वाटतं. 'पब्लिश ऑर पेरिश' हा भाग, जानेवारी १९७४ चा. त्यात स्पिलेन ॲलन मॅलरी नावाचा लोकप्रिय लेखक झालाय. मॅलरी जुना प्रकाशक सोडून दुसऱ्याकडं चाललाय, आणि हातचं गिऱ्हाईकखेचू नाव जातंय म्हणून तो प्रकाशक, जॅक कॅसिडीनं केलेला, त्याचा काटा काढायचं ठरवतो. स्पिलेनच्या वाट्याला थोडाच वेळ आहे. रात्रीची वेळ, भाड्याची खोली, तो एकटा. टेपरेकॉर्डर लावून कादंबरी तोंडानं सांगतोय. येरझाऱ्या घालतो, थांबतो, पुढचं वाक्य जुळवतो. इथं समोर कुणी नाही, ऐकायचं ते स्वतःच्या डोक्यातलं, आणि ते ऐकणं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. लेखक काम करताना कसा दिसतो हे पडद्यावर सहसा खोटं असतं, कागद चुरगळून फेकणं वगैरे. हे खरं आहे. मग दार उघडतं आणि गोळी लागते. ज्यानं इतक्या माणसांना कागदावर मारलं तो स्वतः लिहिता-लिहिता मरतो. तो भाग संपल्यावर मी बराच वेळ टॅब मिटला नाही.

त्याच सुमारास मिलर लाइट बिअरच्या जाहिरातींत तो येऊ लागला, हॅट आणि लांब कोटात, हॅमरच्याच अवतारात, आणि वर्षानुवर्षं येत राहिला. अमेरिकेतल्या एका सबंध पिढीला तो पुस्तकांआधी त्या जाहिरातींतून माहीत झाला. मधे १९७९ मध्ये त्यानं मुलांसाठीही एक कादंबरी लिहिली, समुद्र अचानक मागं हटतो आणि दोन मुलं तळावर उतरतात अशी, आणि तिला बक्षीसही मिळालं. अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेनं त्याला ग्रँडमास्टर म्हटलं ते १९९५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी. फार उशीर केला, हे मला आजही सलतं. त्याच वर्षी मॅक्स ॲलन कॉलिन्स या तरुण लेखक-मित्राच्या 'मॉमी' चित्रपटात तो वकील झालाय. केस पांढरे, मान तीच.

मीरा_राजारामपुरी

'कोलंबो'चा तो भाग आजच पाहिला. लेखनाच्या दृश्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्याचा ओठ हलतो आणि आवाज नंतर येतो, वाक्य आधी चाखून बघतो. मुलांची कादंबरी मिळाली तर भाचीला देईन. हॅमरकडं परत जायचं की नाही, अजून ठरलेलं नाही.

रंकाळ्याचीहवा

मी नवीन आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. काका, मला पहिल्यांदा वाचायचं असेल तर कुठलं घेऊ? आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या नावाची पुस्तकं येतायत असं दिसलं, ती खरी का?

जुनंपान

खरी आहेत. १७ जुलै २००६ ला दक्षिण कॅरोलायनातल्या मरेल्स इन्लेट या समुद्राकाठच्या गावी तो गेला. १९८९ च्या ह्यूगो वादळात तिथलं त्याचं घर उद्ध्वस्त झालं होतं, तरी गाव त्यानं सोडलं नव्हतं. अर्धवट राहिलेली हस्तलिखितं त्यानं कॉलिन्सच्या हवाली करायला सांगितली आणि कॉलिन्स ती एकेक करून पुरी करत आला. 'द गोलायथ बोन' हे त्यांतलं हॅमरचं पहिलं, २००८ चं.

तू सुरुवात 'वन लोनली नाइट'नं कर. पहिली काही पानं पुलावरची आहेत, पाऊस, धुकं आणि एकटा हॅमर. एका न्यायाधीशानं भर कोर्टात त्याला खुनी म्हटलेलं असतं आणि तो त्यावर विचार करत चाललेला असतो. मीराताईंनी जो प्रश्न वर विचारला तो स्पिलेननं तिथं नायकालाच विचारायला लावलाय. उत्तर मला सगळं पटत नाही, पण ती पानं आवाज न करता वाचवत नाहीत. इंग्रजी सोपं आहे, शब्दकोश लागणार नाही.

खडूचीखूण

जुनंपान, दुसऱ्यानं पुरं केलेलं वाचताना सांधा दिसतो का हो? आमच्याकडं एखादा नट अर्ध्यात सोडून गेला की पाठमोरा दुसरा उभा करायचे. प्रेक्षकाला कळायचं नाही, आम्हाला खांद्यावरून कळायचं.

जुनंपान

'द गोलायथ बोन' निम्मी झाली आहे. ११ सप्टेंबरनंतरचं न्यूयॉर्क आहे, हॅमर म्हातारा झालाय, वेल्डा बरोबर आहे. अजून खांदा बदललेला दिसला नाही. दिसला तर पान क्रमांकासकट इथं लिहितो.